जुन्या रोड सायकलला तिच्या काळचे ब्रेक: आधी फूटपट्टी, मग खरेदी

साठ-सत्तरच्या दशकातली रोड सायकल पुन्हा उभी करताना ब्रेकच्या फोटोंत रमायच्या आधी एक माप घ्या. चिमट्याच्या माथ्यावर ब्रेकच्या बोल्टचं भोक असतं. त्याच्या मध्यापासून रिमच्या ज्या पट्टीवर रबर घासतं तिच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे रीच. पुढचं आणि मागचं वेगवेगळं मोजा. मागचं बहुधा दोन-चार मिमी जास्त भरतं.

मोजताना शेवटी जी चाकं राहणार आहेत तीच लावलेली हवीत. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश आणि अमेरिकन सायकलींना २७ इंची चाकं येत. टायर सहज मिळतात म्हणून आज तिथे ७००सी लावली जातात. टायर बसतो तिथला रिमचा व्यास २७ इंचीत ६३० मिमी, ७००सीत ६२२. फरकाचा अर्धा, म्हणजे ४ मिमी रिम बोल्टपासून लांब जाते. जुन्या चाकावर ५६ भरलेला रीच नव्यावर ६० होतो, आणि ऑनलाइन घेतलेला ब्रेक इथेच फसतो.

वाइनमन कंपनीच्या ब्रेकची नावं ओळखीची झाली की काम सोपं होतं, कारण आकडाच माप सांगतो. सेंटर-पुलमध्ये (वायर मधोमध वरून ओढते) ६१० म्हणजे जास्तीत जास्त साधारण ६१ मिमी, ७५० म्हणजे ७५. साइड-पुलमध्ये (वायर एका बाजूने ओढते) ५०० आणि ७३० तसेच. जपानी डाया-काँपेचे याच आकड्यांचे ब्रेक त्याच घडणीचे आहेत. ६० मिमीला ६१० बसतो, पण रबर ब्रेकच्या हातातल्या खाचेच्या अगदी तळाशी जातं. तरी तोच घ्या. ‘जागा राहील’ म्हणून ७५० घेतला तर हात लांब होतात, दाबल्यावर वाकतात आणि ब्रेक स्पंजासारखा लागतो.

माप जुळलं की काळ आणि देश. फ्रेंच सायकलला माफाक कंपनीचे ब्रेक. प्यूजोच्या पीएक्स-१० वर तेच असत. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आलेला माफाक रेसर लांब हातांचा, नंतरचा काँपेटिशन आखूड. इटालियन फ्रेमला साठच्या दशकासाठी युनिव्हर्सल ६१ सेंटर-पुल शोभतो. कँपान्योलोचा रेकॉर्ड साइड-पुल १९६८ च्या सुमारास आला, तेव्हा १९६४ च्या फ्रेमवर तो दिसला की जाणकाराची नजर तिथेच अडकते. मधल्या दर्जाच्या ब्रिटिश सायकलवर वाइनमन ९९९ सेंटर-पुल बिनधास्त लावा. शिमानोच्या भागांवर मागे दोन अक्षरांचा ठसा असतो: पहिलं अक्षर वर्ष (ए म्हणजे १९७६), दुसरं महिना. विकणारा १९७४ चा म्हणाला आणि ठशातलं पहिलं अक्षर सी निघालं, तर भाव पाडा.

(आजोबांची काळी २८ इंची यात मोडत नाही. तिच्या रॉड ब्रेकचं रबर रिमला आतून दाबतं आणि त्या रिमला बाजूची सपाट पट्टीच नसते. तिथे कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक) लावायचा नाद सोडा.)

जुन्या फ्रेममध्ये बोल्टचं भोक ६ मिमीचं आणि मागे साधा नट. नव्या ब्रेकला लांब बाहीचा ॲलन नट येतो, त्याला ८ मिमीचं भोक लागतं. त्यासाठी मूळ फ्रेमला ड्रिल लावू नका. एकदा मोठं केलेलं भोक परत येत नाही. मागच्या बाजूला नव्या जोडीतला पुढचा ब्रेक लावता येतो, कारण त्याचा बोल्ट लांब असतो आणि वायसर घालून साधा नट बसतो.

लिव्हरही त्याच काळचे हवेत. हँडलच्या टेपखालून जाणारी वायर ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून रुळली. १९७२ च्या सायकलला वायर लिव्हरच्या डोक्यातून वर निघालेलीच बरोबर. आडव्या हँडलखालचे जादाचे ‘सेफ्टी लिव्हर’ काढून टाका, ते पुरतं दाबू देत नाहीत. ते काढल्यावर लिव्हरची लांब पिन बाहेर डोकावते. साधी आखूड पिन शोधून ठेवा.

रबर मात्र जुनं वापरू नका. चाळीस वर्षांचं रबर नखाने दाबलं तरी खड्डा पडत नाही, तसंच ते रिमही पकडत नाही. कूल-स्टॉप कंपनीचं सामन (केशरी-गुलाबी) रंगाचं रबर माफाक आणि वाइनमनच्या आकारातही मिळतं. धातूच्या खोबणीत बसणाऱ्या रबराच्या खोबणीचं बंद तोंड पुढे, चाक फिरतं त्या दिशेला ठेवा. उलटं लावलं तर पहिल्या जोराच्या ब्रेकला रबर खोबणीतून सरकून रस्त्यावर पडतं. बसवताना रबराच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड धरून नट आवळा, म्हणजे पुढचं टोक आधी टेकतं आणि किंचाळणं थांबतं. माफाकमध्ये रबराचा कोन हवा तसा वळवता येतो. वाइनमनमध्ये येत नाही. तिथे पान्याने हात वाकवण्यापेक्षा रबराची मागची बाजू कानसेने तिरकी घासा. जुनं ॲल्युमिनियम वाकवताना तडकतं.

सेंटर-पुलला हेडसेटमध्ये (हँडलखालच्या बेअरिंगच्या जोडात) आणि सीटच्या बोल्टपाशी वायर अडकवायचे हँगर लागतात. ब्रेकच्या खोक्यात ते नसतात, आधीच मागवा. साइड-पुलमध्ये पुढचे दोन नट एकमेकांवर असे आवळा की हात मोकळा फिरेल पण पुढे-मागे हलणार नाही. रबर एकाच बाजूला घासत असेल तर मागचा नट सैल करून पातळ कोन-पान्याने ब्रेक फिरवा आणि पुन्हा आवळा.

क्रोमच्या लोखंडी रिम पावसात जवळपास धरतच नाहीत, ब्रेक कुठल्याही सालचा असो. मूळ रिमचा हट्ट नसेल तर ॲल्युमिनियम लावा.

नवी वायर घातल्यावर उभ्या सायकलवर दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबा. वायर ताणते, कव्हर जागेवर बसतं आणि क्लँपमध्ये वायर सरकत असेल तर घरीच कळतं. मग पुन्हा आवळून रबर-रिममधलं अंतर दोन्ही बाजूंना २ मिमीच्या आसपास ठेवा.