वैमानिक व्हायचे आहे? पैसे भरण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की पुण्यातील अनेक घरांत वैमानिक प्रशिक्षणाची चौकशी सुरू होते, आणि बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न शुल्काचा असतो. माझ्या मते पहिला प्रश्न आरोग्याचा असायला हवा. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, क्लास वन मेडिकलमध्ये पात्र ठरणे अनिवार्य आहे. त्याआधी डीजीसीएने, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून क्लास टू ही प्राथमिक वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. काही जण केवळ क्लास टूवर समाधान मानून फ्लाइंग स्कूलचा मोठा हप्ता भरतात आणि क्लास वन "नंतर पाहू" म्हणून बाजूला ठेवतात. पुढे रंग ओळखण्यातील दोष किंवा हृदयाच्या आलेखातील एखादी शंका समोर आली, तर उड्डाणाचे तास आणि भरलेले पैसे दोन्ही अडकून पडतात. कुटुंबाची अनेक वर्षांची बचत पणाला लागलेली असताना दोन्ही तपासण्यांचा निकाल हातात येईपर्यंत थांबण्याने काहीही बिघडत नाही.

चष्मा असेल तर स्वप्न संपले, हा समज मात्र चुकीचा आहे. चष्म्याने ठरावीक मर्यादेपर्यंत दृष्टी सुधारत असेल तर तो चालतो. त्याचप्रमाणे "टेम्पररी अनफिट" असा शेरा आला म्हणून खचून जाऊ नये. रक्तदाब, वजन किंवा हिमोग्लोबिन यांसारख्या कारणांवर उपचार करून पुन्हा तपासणीला जाता येते. खरी घातक चूक म्हणजे जुनी शस्त्रक्रिया, दमा किंवा फिट्सचा इतिहास अर्जात लपवणे, कारण तो नंतर उघड झाला तर आजाराबरोबरच खोट्या माहितीचाही जाब द्यावा लागतो.

दुसरी अडचण कागदपत्रांची असते आणि ती खास आपल्याकडची आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव आणि वडिलांचे नाव असते; पासपोर्ट आणि आधारवर क्रम वेगळा असतो, कधी स्पेलिंगही वेगळे असते. डीजीसीएच्या परीक्षांसाठी संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, मिळवताना ही तफावत आड येते. बारावीच्या गुणपत्रिकेची मंडळाकडून पडताळणीही करून घ्यावी लागते. शिवाजीनगरच्या मंडळ कार्यालयातील हे काम पुणेकरांना जवळचे असले तरी ते आयत्या वेळेवर ठेवू नये. वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय मुक्त विद्यालयातून पूर्ण करण्याचा मार्ग याच टप्प्यावर पाहावा. विमानवाहतूक विषयातील बी.एस्सी. पदवी म्हणजे परवाना नव्हे, हेही प्रवेश घेण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे. त्या पदवीवर कोणालाही विमान चालवता येत नाही.

उड्डाणाला घाई करून लेखी परीक्षा मागे ठेवणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल या विषयांत प्रत्येकी किमान 70 टक्के गुण लागतात. दिवसभर उन्हात धावपट्टीवर आपल्या पाळीची वाट पाहून रात्री नेव्हिगेशनची गणिते सोडवणे फार थोड्यांना जमते. पुण्यातच राहून, घरचे जेवण जेवत, हे पेपर आधी काढलेले बरे. नेव्हिगेशनमध्ये वारंवार अपयश येत असेल तर बहुधा दोष सूत्रांत नसतो. वारा कोणत्या दिशेकडून येतो आणि विमान कोणत्या दिशेला ढकलले जाते, याचे चित्र मनात पक्के झालेले नसते. अशा वेळी आणखी प्रश्नसंच सोडवण्यापेक्षा कागदावर वाऱ्याचा त्रिकोण काढत बसावे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना रेडिओ टेलिफोनीची, म्हणजे नियंत्रण कक्षाशी रेडिओवरून बोलण्याची, भीती वाटते, पण तेथे ओघवत्या इंग्रजीपेक्षा ठरलेली वाक्ये आणि ठरलेले उच्चार महत्त्वाचे असतात. तीनला "ट्री", पाचला "फाइफ", नऊला "नाइनर" म्हणायचे, हे रोज मोठ्याने म्हटल्याशिवाय जिभेवर बसत नाही.

फ्लाइंग स्कूल निवडताना जाहिरातीतील विमानांची संख्या पाहून निर्णय घेऊ नये. प्रत्यक्ष जाऊन त्यांतील किती विमाने आज उडण्याच्या स्थितीत आहेत, एका विमानामागे किती विद्यार्थी आहेत आणि मागच्या तुकडीला सीपीएलसाठी लागणारे उड्डाणाचे 200 तास पूर्ण करायला किती काळ लागला, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे. पुण्याचे लोहगाव हे मुळात हवाई दलाचे तळ असल्याने पुणेकर मुले बारामतीसारख्या ठिकाणी जातात. बारामती पर्जन्यछायेच्या प्रदेशात असली तरी पावसाळ्यातील खालचे ढग आणि वारा यांमुळे तेथेही उड्डाणे रखडू शकतात. परदेशात तास लवकर भरतात हे खरे, परंतु परतल्यावर परवाना भारतीय नियमांनुसार बदलून घ्यावा लागतो आणि त्यासाठी वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. तो वेळ आणि खर्च आधीच हिशेबात धरावा.

पहिल्या सोलोच्या, म्हणजे प्रशिक्षकाविना एकट्याने केलेल्या उड्डाणाच्या, आधी अनेकांचे लँडिंग अचानक बिघडते. विमान चाकांवर आपटून पुन्हा उसळते, विद्यार्थी घाबरून विमानाचे नाक खाली दाबतो, आणि पुढची उसळी आणखी मोठी होते. बहुधा नजर विमानाच्या नाकासमोरच्या जमिनीवर खिळलेली असते. ती धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे नेली की उंचीचा अंदाज सुधारतो. मोठी उसळी आली तर इंजिनाची पूर्ण शक्ती देऊन गो-अराउंड करावा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जावे, त्यात कमीपणा काहीही नाही. मात्र या टप्प्यावर प्रशिक्षक वारंवार बदलत असतील तर मुख्य प्रशिक्षकांना स्पष्टपणे सांगावे, कारण प्रत्येकाची सांगण्याची पद्धत वेगळी असते आणि विद्यार्थी त्यातच गोंधळतो.

लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, न उडवलेले तास लिहून देण्याची तयारी कोणी दाखवली तर त्या माणसापासून दूर राहावे. 2011 साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेल्या वैमानिकांची प्रकरणे उघडकीस आली आणि काहींना अटकही झाली. कागदावरचे तास आडव्या वाऱ्यात उतरताना उपयोगी पडत नाहीत, आणि तेव्हा मागे बसलेल्या प्रवाशांना त्या लॉगबुकाची काहीच कल्पना नसते.

परवाना मिळाल्यावर लगेच स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, घेण्याची घाईही टाळावी. एअरबस 320 चे रेटिंग घेतले आणि भरती बोइंग 737 साठी निघाली, तर लाखो रुपये गुंतून पडतात. शिवाय सराव तुटला की रेटिंग अद्ययावत ठेवण्याचा खर्च पुन्हा अंगावर येतो. कंपनी आणि विमान निश्चित झाल्यावरच हा खर्च करावा, आणि घर तारण ठेवून कर्ज घेतले असेल तर नोकरी लागेपर्यंतच्या महिन्यांचे हप्ते कोण भरणार, हे सही करण्यापूर्वी ठरवावे.

जग पाहण्याच्या ओढीने या क्षेत्रात येणाऱ्यांनी सुरुवातीच्या वर्षांची कल्पना आधीच करून घ्यावी. नवा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, बहुधा देशांतर्गत मार्गांवर उडतो, एका दिवसात अनेक शहरांत उतरतो आणि त्यांतील बहुतेकांचे फक्त विमानतळ पाहतो. बेस, म्हणजे नेमणुकीचे शहर, पुणेच मिळेल याची खात्री नसते, आणि दिवाळी किंवा गणपतीतील सुट्टी रोस्टरवर, म्हणजे कामाच्या वेळापत्रकावर, अवलंबून असते. लांब पल्ल्याच्या मार्गांवर गेल्यावर परक्या शहरात मुक्काम मिळतो, परंतु तो प्रथम विश्रांतीसाठी असतो. आल्या आल्या शहर पालथे घालून परतीच्या उड्डाणाला पेंगुळलेल्या अवस्थेत बसणे ही चूक नवखेच करतात. आधी झोप पूर्ण करावी, परतीची वेळ पाहून जवळची एखादी जागा निवडावी, आणि उड्डाणापूर्वीच्या 12 तासांत मद्याला स्पर्श करू नये. त्यासाठीची श्वास-चाचणी टळत नाही आणि पहिल्याच दोषाला परवाना 3 महिन्यांसाठी निलंबित होतो.