जुना कॉम्प्युटर मोठ्या हार्ड डिस्कवरून बूट करण्याआधीची तयारी

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि इंदूरच्या मराठी घरांत एक नवं काम निघालं. रामबाग असो, टिळकनगर असो की लोकमान्यनगर, घरचा कॉम्प्युटर अजून नीट चालतो, पण विंडोज ११ त्याला घेत नाही. मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकू, निदान एकदा चालवून तरी पाहू, असं ठरतं. पेनड्राइव्ह हाताशी नसतो. कपाटात एक-दोन टीबीची बाहेरून लावायची हार्ड डिस्क मात्र असते. ‘हीच फॅट३२ करून टाकू, म्हणजे हिच्यावरून बूट होईल,’ असं कोणीतरी सुचवतं. फॅट३२ म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत, आणि बूट होणं म्हणजे त्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होणं. पण तसं करताना डिस्क पुसली जाते, आणि त्याच डिस्कवर घरातल्या तीन पिढ्यांचे फोटो असतात, म्हणून कामाला हात घालण्यापूर्वीची ही तयारी.

सगळ्यात आधी त्या डिस्कवर काय आहे ते पाहा, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे ते विचारा. आजोबा ‘त्यात काही नाही रे’ म्हणाले तरी स्वतः उघडून बघा. दुसरी प्रत नसेल तर या डिस्कला हात लावू नका. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जा, १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणा आणि काम त्यावर करा. मोठी डिस्क त्यासाठी लागत नाही. तरीही तीच वापरायची असेल तर आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या. कट-पेस्ट नको, कॉपीच करा. मग दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा आणि मधले पाच-दहा फोटो, एखादा व्हिडिओ खरोखर उघडून बघा.

आता त्या फॅट३२ विषयी. ही पद्धत १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. इतकी जुनी असूनही ती लागते, कारण कॉम्प्युटर सुरू होताना जे यूईएफआय चालतं त्याला फॅट वाचता येणं नियमानेच बंधनकारक आहे. एनटीएफएस ही विंडोजची आजची नेहमीची पद्धत मात्र बहुतेक मशीनच्या यूईएफआयला वाचता येत नाही. म्हणजे बूटच्या फाइली फॅट३२ वर हव्यात. पण त्यासाठी अख्खी डिस्क फॅट३२ करायची गरज नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की करूच नये. बूटच्या फाइलींना १६ जीबीचा तुकडा भरपूर झाला.

विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच देत नाही, त्यामुळे मोठी डिस्क फॅट३२ होतच नाही असा समज आहे. तो खरा नाही. ५१२ बाइटच्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा) फॅट३२ दोन टीबीपर्यंत जाते, आणि रूफस किंवा फॅट३२ फॉरमॅट यांसारखी साधनं ते करूनही देतात. पण केल्यावर काय होतं? चार जीबीची किंवा त्याहून मोठी एकही फाइल तिच्यावर बसत नाही. लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ टाकायला जावं तर डिस्कवर दीड टीबी रिकामी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून नकार मिळतो. शिवाय फॅट३२ ला जर्नल, म्हणजे चालू कामाची नोंदवही, नसतं. कॉपी चालू असताना केबल निघाली किंवा लाइट गेली, तर अर्धवट राहिलेलं काम सावरायला तिच्याकडे नोंदच नसते. जूनमधल्या वादळी संध्याकाळी इंदुरात लाइट कशी जाते ते आपल्याला ठाऊक आहे. फोटोंची जागा एनटीएफएसवरच. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट ही तिसरी पद्धत वापरा, पण जर्नल तिलाही नाही हे लक्षात असू द्या.

मग ज्या मशीनवर बूट करायचं आहे ते जवळून पाहून घ्या. ते यूईएफआयचं आहे की जुन्या बायोसचं? विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोडपुढे काय लिहिलंय ते वाचा. डिस्कचे भाग नोंदवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. लेगसी (म्हणजे जुनं बायोस) असेल तर डिस्क एमबीआर ठेवा. यूईएफआय असेल तर जीपीटीही चालते. डिस्क दोन टीबीहून मोठी असेल तर जीपीटीच बरी, कारण ५१२ बाइटच्या सेक्टरवर एमबीआरला दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूटला (ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या यूईएफआयमधल्या पहाऱ्याला) हात लावला की ती मागितली जाण्याची शक्यता असते. बूट मेन्यूचं, म्हणजे कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीचं, बटणही माहीत करून घ्या. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९.

मिंटची आयएसओ फाइल (सगळी सिस्टिम एकत्र बांधलेली एकच फाइल) मिंटच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या आणि तिचा शा-२५६ आकडा (फाइलीचा ठसाच म्हणा) विंडोजमधल्या सर्टयूटिल या साधनाने काढून साइटवरच्या आकड्याशी जुळवा. विंडोजची आयएसओ असेल तर आतली इन्स्टॉल डॉट विम ही फाइल चार जीबीच्या वर असते का बघा, हल्ली बहुधा असतेच. ती फॅट३२ वर बसणार नाही. विंडोजमधल्याच डिस्म या साधनाच्या स्प्लिट-इमेज आज्ञेने तिचे ३८०० एमबीचे तुकडे करा, मूळ फाइल वगळा आणि तुकडे सोर्सेस फोल्डरमध्ये ठेवा. विंडोजचं सेटअप ते आपोआप जोडून घेतं.

आता खरं जोखमीचं काम. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) डिस्कपार्ट हे डिस्कचे भाग पाडायचं साधन उघडण्याआधी बाकीच्या सगळ्या बाहेरच्या डिस्क आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. फोटोंची नुकतीच केलेली प्रत तर दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. मग आपली डिस्क न लावता ‘लिस्ट डिस्क’ द्या आणि यादी लिहून घ्या. डिस्क लावा, पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ द्या. जी ओळ नव्याने आली ती तुमची. हे करायचं कारण असं, की आत एक टीबीची आणि बाहेरही एक टीबीची डिस्क असेल तर यादीत डिस्क ० समोर ९३१ जीबी आणि डिस्क १ समोरही ९३१ जीबीच दिसतं. आकारावरून ओळखायला गेलात तर फसाल. ‘सिलेक्ट डिस्क १’ (१ च्या जागी तुमच्या ओळीचा आकडा) नंतर ‘डिटेल डिस्क’ द्या. डिस्कचं नाव आणि टाइपपुढे यूएसबी हे दोन्ही वाचा. ‘लिस्ट डिस्क’मध्ये त्या ओळीपुढे चांदणी आली आहे ना, तेही पाहा. शेजारी कोणी असेल तर त्याच्याकडूनही वाचवून घ्या. यानंतरची ‘क्लीन’ ही डिस्क पुसणारी आज्ञा ‘नक्की ना?’ असं एकदाही विचारत नाही.

क्लीन झालं की ‘कन्व्हर्ट एमबीआर’ किंवा ‘कन्व्हर्ट जीपीटी’, मग १६००० एमबीचं प्रायमरी पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग), फॅट३२ मध्ये क्विक फॉरमॅट, एमबीआर असेल तर ‘ॲक्टिव्ह’, आणि शेवटी त्या भागाला ड्राइव्हचं अक्षर देणारं ‘असाइन’. उरलेल्या जागेचं दुसरं पार्टिशन एनटीएफएसमध्ये. आयएसओ उघडून आतल्या सगळ्या फाइली पहिल्या पार्टिशनवर कॉपी करा. ईएफआय फोल्डर, त्यात बूट, त्यात बूटएक्स६४ डॉट ईएफआय ही फाइल दिसायलाच हवी, यूईएफआय तीच शोधतं. जुन्या बायोसच्या मशीनवर नुसत्या फाइली टाकून लिनक्स सुरू होत नाही, तिथे आयएसओवरून बूट करून देणारं व्हेंटॉय हे साधन वापरा. व्हेंटॉयही आतून हेच करतं: मोठं पार्टिशन एक्सफॅटचं आणि बूटपुरतं ३२ एमबीचं फॅट. ते बसवतानाही डिस्क पुसली जाते. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्यांदा त्याची की नोंदवावी लागते.

लावताना डेस्कटॉपचं मागचं पोर्ट घ्या. लहान डिस्क वीज पोर्टमधूनच खेचते, आणि पुढच्या पोर्टची लांब वायर कधीकधी पुरेशी देत नाही. मग डिस्क टकटक करते आणि यादीत येत नाही. साडेतीन इंची डिस्कला तिचा स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर लागतोच.

बूट झाल्यावर लगेच इन्स्टॉल दाबू नका. मिंट तसंच चालवा, वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग बघा. तो कॉम्प्युटर रोज वापरणाऱ्या काकूंना बसवून त्यांना जमतंय का ते विचारा. इन्स्टॉल करायचंच ठरलं तर आतल्या डिस्कवरच्या फाइलींचीही प्रत हवी.

काम आटोपलं की फोटो एनटीएफएसच्या भागावर परत ठेवा, दुसरी प्रत मात्र पुसू नका. डिस्कला चिठ्ठी लावा: पहिला भाग बूटचा, दुसरा फोटोंचा. आणि घरच्यांना सांगून ठेवा, की ही डिस्क रेकॉर्डिंगच्या सेट-टॉप बॉक्सला लावली आणि त्याने फॉरमॅट करू का असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणायचं आणि डिस्क काढून घ्यायची.