शिक्षा किती कडक असावी? आधी निकालपत्र वाचा, मग वाद घाला

मी सांगलीत फौजदारी खटले चालवते आणि कॉलेजच्या मुलामुलींची वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेते. ‘गुन्हेगारांना कठोर शिक्षा हवी का?’ असा विषय आला, तर आधी तो विषयच लहान करून घ्या. इतक्या मोघम प्रश्नावर एक जण फाशीच्या नावाने टाळ्या घेतो, दुसरा माणुसकीच्या नावाने, आणि तासाभराने सगळे होते तिथेच असतात. त्यापेक्षा असं विचारा: बारा वर्षांखालच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्याला फाशी देता येईल अशी तरतूद २०१८ साली झाली, ती राहावी का? सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवायची मुभा २०१५ च्या बाल न्याय कायद्याने दिली, ती बरोबर आहे का? अशा प्रश्नावर पोकळ बोलताच येत नाही.

मग एक खटला निवडा. मी बहुतेक वेळा खैरलांजी घेते. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या या गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार मारलं. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. मेलेली माणसं तीच, पुरावा तोच, आणि शिक्षा दोन. दोन्ही निकालपत्रं मिळवा आणि न्यायाधीशांनी कशाला किती वजन दिलं ते पेन्सिलीने खुणा करत वाचा. आरोपींना ॲट्रॉसिटी कायद्याखाली दोषी धरलं नाही, हे वाचून मुलं चिडतात, आणि ते चिडणं रास्त आहे. तो राग भाषणात जरूर आणा, पण मुद्दा करून आणा: जातद्वेष हाच हेतू आहे असं न्यायालयाने मानलं असतं, तर शिक्षा किती वाढायला हवी होती, आणि का?

इथे एक शिस्त पाळा. गुन्हा सिद्ध झाला का, हा एक प्रश्न. शिक्षा किती, हा दुसरा. आपल्या कायद्यात शिक्षेवरची सुनावणी वेगळी असते आणि बहुतेक वक्त्यांना तिचा पत्ता नसतो. आरोपीला दोषी धरलं की न्यायाधीश त्याला विचारतात, ‘शिक्षेबाबत काही म्हणायचंय?’ तो हात जोडून म्हणतो, ‘साहेब, घरी म्हातारी आई आहे, पोरं लहान आहेत, कमीत कमी शिक्षा द्या.’ टायपिस्ट ते दोन ओळींत उतरवून घेतो. मागच्या बाकावर मयताची बायको पदर घट्ट धरून बसलेली असते. तिला त्या वेळी कोणी काही विचारत नाही. तुमच्या वादविवादात या दोघांनाही पुरता वेळ द्या. एक मुलगी मयताच्या घरच्यांची बाजू मांडेल, एक मुलगा आरोपीची: त्याचं वय, घरची परिस्थिती, मागचे गुन्हे, तुरुंगातलं वागणं. फाशीच्या खटल्यात आरोपीची ही सगळी माहिती सत्र न्यायालयातच गोळा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलंय. तुम्हीही कागदावर दोन रकाने आखा, शिक्षा वाढवणाऱ्या बाबी एकात आणि कमी करणाऱ्या दुसऱ्यात.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हे वाक्य कोणी उच्चारलं तर तिथेच थांबवा. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. खुनासारख्या, फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर चौदा वर्षं भोगल्याशिवाय सरकार शिक्षेत सूट देऊन सोडू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. शिवाय २००८ पासून सर्वोच्च न्यायालय ‘इतकी वर्षं सूट नाही’ अशी अट घालून जन्मठेप देत आलंय. फाशी आणि चौदा वर्षं यांच्या मधे केवढी तरी जागा आहे. खरा वाद तिथेच घाला.

धाकाबद्दल बोलायचं तर दोन्हीकडचे कागद वाचा. कायद्यात बदल सुचवणाऱ्या केंद्राच्या विधी आयोगाने १९६७ च्या अहवालात फाशी ठेवा म्हटलं. २०१५ च्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे वगळून ती रद्द करा म्हटलं. माझं मत सांगते: शिक्षा पक्की आणि वेळेत होईल याची खात्री असेल तर धाक बसतो, नुसत्या आकड्याने नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या प्रकरणावर सगळ्या देशाचं लक्ष होतं, तरी फाशी झाली ती मार्च २०२० मध्ये. आणि २०२२ च्या सरकारी आकडेवारीत तुरुंगातल्या दर चार माणसांमागे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही.

फाशीच्या बाजूने बोलणाऱ्याने एका प्रकरणाला उत्तर दिल्याशिवाय खाली बसू नये. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या हत्याकांडात भटक्या समाजातल्या सहा जणांपैकी तिघांची फाशी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच कायम केली आणि उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेल्या उरलेल्या तिघांनाही फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. दोर आधी ओढला असता तर?

विरुद्ध बाजूनेही ‘माणूस सुधारतो’ एवढ्यावर भागवू नये. आमच्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तिथे कैद्यांची खुली वसाहत काढली. कैदी शेती करतात, घरच्यांना सोबत ठेवू शकतात. कोणत्या गुन्ह्यातला, किती वर्षं बंद तुरुंगात काढलेला कैदी तिथे पाठवाल, हे नेमकं सांगा. नेमकं सांगता येत नसेल तर तो मुद्दा सोडून द्या.

शेवटी टाळ्यांवर निकाल लावू नका. फाशी द्यायची तर न्यायाधीशाला विशेष कारणं लिहावी लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून ती फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात देता येते. तसंच प्रत्येकाने अर्ध्या पानाचा शिक्षेचा आदेश लिहावा: किती वर्षं, सूट मिळणार की नाही, बंद तुरुंग की खुला, आणि कारणं. पीडिताच्या घरच्यांना भरपाई किती आणि ती कोणी द्यायची, ही ओळ बहुतेकांच्या कागदावर नसते. ती लिहिल्याशिवाय मी कागद हातात घेत नाही.