चराऊ रानात जंगल परत आणायचं तर आधी खुंट मोजा

उजाड रान दिसलं की खड्डे खणायची घाई होते. कोरड्या मुलखात लावलेली बहुतेक रोपं पहिल्याच उन्हाळ्यात जळतात. उलट तोडलेल्या झाडांचे खुंट मुळाशी जिवंत असतात. पावसानंतर ते फुटतात आणि जनावरं ते धुमारे खुडून टाकतात, म्हणून आपल्याला तिथं फक्त झुडूप दिसतं.

पाऊस झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी 50 बाय 20 मीटरचे पट्टे दोरीनं आखा आणि त्यातले देशी झाडांचे जिवंत खुंट नि रोपं मोजा. आलेल्या आकड्याला दहानं गुणलं की हेक्टरी संख्या मिळते. ओढ्याकाठी, उतारावर, माथ्यावर वेगवेगळे पट्टे घ्या, नाहीतर ओढ्याकाठचा आकडा सगळ्या रानाला लागू होतो. 4 मीटर रुंद छत्राचं झाड साधारण 12.5 चौरस मीटर झाकतं, म्हणजे 20 टक्के आच्छादनाला हेक्टरी 160 झाडं हवीत. हे 20 टक्के हवेतून आलेले नाहीत: झाडांत साठलेल्या कार्बनचं श्रेय देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या नियमांत तेवढं छत्र, 2 मीटर उंची आणि किमान 0.2 हेक्टर क्षेत्र असेल तरच जंगल धरतात. मूळचंच गवताळ रान असेल तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका.

मग चराई थांबवा. नुसतं कुंपण पुरत नाही. आतला पाणवठाही बंद ठेवा, कारण पाणी असलं की मोकाट शेळ्या वाट काढतातच. शेंडे जनावराच्या तोंडापलीकडे गेले की थोडे दिवस जनावरं चरायला सोडा. कायमची बंदी घातली तर वाळलं गवत साचतं आणि एका वणव्यात सगळं जातं.

प्रत्येक खुंटावर तीन ते पाच जोमदार, सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढा. राखलेल्या फुटव्यांच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या धारदार कोयत्यानं खालून वर छाटा. वरून घाव घातला तर साल सोलवटून खाली येते. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात 1980च्या दशकापासून शेतकऱ्यांनी याच पद्धतीनं शेतात झाडं परत आणली.

असं कार्बनचं श्रेय मिळवायचं असेल तर झाडांतल्या कार्बनची पहिली मोजणी चराई थांबवण्याआधी करा. नंतर सुरुवातीचा आकडा सिद्ध करता येत नाही. खोडाच्या घेरावरून त्या जातीच्या सूत्रानं कोरडं वजन काढा. 20 किलो वजन गुणिले 0.47 (कोरड्या वजनातला कार्बनचा वाटा) म्हणजे 9.4 किलो कार्बन, आणि त्याला 3.67नं (एक किलो कार्बनपासून होणारा कार्बन डायऑक्साइड) गुणलं की 34.5 किलो कार्बन डायऑक्साइड. हटवलेली जनावरं शेजारचं रान ओरबाडत असतील तर तो तोटा या आकड्यातून वजा करावा लागतो.