छोट्या ऑफिससाठी वर्षाच्या सुट्ट्यांची यादी कशी लावायची

डिसेंबर आला की छोट्या ऑफिसात, वर्कशॉपात, क्लिनिकमध्ये सगळीकडे एकच प्रश्न असतो, पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या कधी लावताय? आणि मग बहुतेक ठिकाणी होतं काय, तर सरकारी यादीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते, मालक त्यातल्या आठ-दहा ओळींवर टिक करतात, बाकीच्यांवर काट, झाली यादी. टिक कोणाच्या सणावर पडली आणि काट कोणाच्या, हे कोणी बघत नाही. मी बरीच वर्षं अ‍ॅडमिनचं काम करतेय, यादी माझ्याकडेच असते, आणि माझं स्पष्ट मत आहे की माणसाच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या सणाला त्याला सुट्टी "मागायला" लागू नये. साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून, सर उद्या ईद आहे, येऊ नको का, असं विचारणं कोणाच्याच वाट्याला यायला नको. ते टाळायचं असेल तर यादी नीट करावी लागते, आणि ते फार अवघड नाहीये.

आधी सरकारी यादी काय असते ते समजून घ्या. राज्य सरकार दरवर्षी जी यादी काढतं ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम २५ खाली असते. मूळ हिशोब हुंडी-वचनचिठ्ठीची, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे द्यायच्या कागदाची, मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर काय, असा. म्हणून बँका आणि सरकारी ऑफिसं ती पाळतात, पण खाजगी ऑफिसने त्यातली प्रत्येक सुट्टी द्यायलाच हवी असं काही नाही. आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाचा आहे तो महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. त्यात वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी आपसात ठरवायच्या. आपसात ठरवायच्या, हे लक्षात घ्या, म्हणजे मालकाने एकट्याने टिक करून चालत नाही. तुमच्या आस्थापनेला हा कायदा कसा लागू होतो ते तुमच्या सीएला किंवा लेबर कन्सल्टंटला एकदा विचारून घ्या, पण लागू नसला तरी पद्धत हीच ठेवा असं मी म्हणेन.

सरकारी यादी मोठी दिसते पण हातात येते तेव्हा लहान होते. २०२५ चं उदाहरण घ्या. यादीत २४ नावं होती, पण प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम हे चारही रविवारी आले, गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, स्वातंत्र्यदिन आणि पारशी नववर्ष पण एकाच दिवशी, म्हणजे प्रत्यक्षात उरले १८ दिवस. त्यामुळे यादी करताना पहिलं काम म्हणजे कॅलेंडर समोर ठेवून प्रत्येक तारखेपुढे वार लिहायचा. रविवारी गेलेल्या सुट्टीवर आठपैकी एक खर्च करू नका, लोकांच्या लगेच लक्षात येतं आणि मग वर्षभर ऐकायला लागतं.

आता खरं काम. यादी करायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं. धर्म विचारायचा नाही, सरळ एवढंच विचारायचं की दादा, ताई, वर्षातले असे कुठले दोन-तीन दिवस आहेत जे तुम्ही काही झालं तरी चुकवणार नाही? तोंडी विचारा, फॉर्म दिला की लोक यादीतलीच नावं लिहून मोकळे होतात. तोंडी विचारलं की खरी उत्तरं येतात, आणि त्यातली कितीतरी सरकारी यादीत नसतातच. आमच्याकडे बौद्ध सहकाऱ्यांनी १४ एप्रिल सांगितला तो यादीत आहे, पण सोबत ६ डिसेंबर सांगितला, चैत्यभूमीला जायचं असतं, तो राज्याच्या मुख्य यादीत नाही. जैन सहकाऱ्याला महावीर जयंतीपेक्षा पर्युषणाची संवत्सरी जास्त महत्त्वाची. ज्यांच्या घरात वारी आहे त्यांना आषाढी हवी, आणि महाराष्ट्रात राहून ऐकायला नवल वाटेल पण आषाढी एकादशी त्या २४ मध्ये नव्हती. बिहारकडच्या पोरांना दिवाळीनंतरची छठ, केरळच्या ताईंना ओणम, कोकणातल्यांना गणपतीचे निदान पाच दिवस, वसईच्या ख्रिश्चन मित्राला नाताळाइतकाच गुड फ्रायडे. हे सगळं एका कागदावर आलं की यादी अर्धी झालीच म्हणून समजा.

मग वाटणी. माझी पद्धत अशी आहे, कायद्यातल्या चार ठरलेल्या सुट्ट्या सगळ्यांना, चार सण सगळ्यांना कॉमन, आणि वर तीन ऐच्छिक, ज्या प्रत्येकाने आपापल्या घ्यायच्या. केंद्र सरकारच्या ऑफिसात अशा ऐच्छिक सुट्ट्या फार पूर्वीपासून आहेत, कर्मचारी मोठ्या यादीतून दोन निवडतात. कॉमन चारमध्ये बहुतेक ठिकाणी गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन आणि पाडवा येतात, कारण त्या दिवशी तसंही निम्मं मार्केट बंद असतं. पण मग हे उघड मान्य करायचं की चारही कॉमन सुट्ट्या एकाच धर्माच्या सणांना गेल्यात, आणि म्हणून ऐच्छिक सुट्टी ही खरोखरची सुट्टी असली पाहिजे. म्हणजे तिला मंजुरी लागणार नाही, फक्त कळवायचं. पुरावा लागणार नाही. "त्या दिवशी डिलिव्हरी आहे" म्हणून ती रद्द होणार नाही. आणि निवडलेला दिवस रविवारी आला तर दुसरा निवडता येईल. हे चार नियम यादीच्या खाली लिहूनच टाका, तोंडी ठेवले की सहा महिन्यांत विसरले जातात. तुमच्याकडे दहापैकी चार जण मुस्लिम असतील तर रमजान ईद सरळ कॉमनमध्ये घ्या, ऑफिस अर्ध्या माणसांवर ओढण्यापेक्षा ते बरं, आणि सगळ्यांना शिरखुर्मा खायला जाता येतं.

तारखा का हलतात हे यादी करणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे, नाहीतर दरवर्षी गोंधळ. इस्लामी वर्ष पूर्ण चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकते. आपल्या पंचांगात मधूनमधून अधिक महिना येतो म्हणून सण मागेपुढे होतात पण ऋतू सोडत नाहीत. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. गुड फ्रायडे ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, तो मार्च-एप्रिलमध्ये फिरतो. पारशी शहेनशाही वर्ष ३६५ दिवसांचं, लीप वर्ष नाही, म्हणून पतेती-नववर्ष चार वर्षांनी एक दिवस मागे येतं, २०२३ पर्यंत १६ ऑगस्ट होतं, २०२४ पासून १५ ऑगस्ट.

ईदच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी अ‍ॅडमिनवाल्यांना माहीत असते. चंद्रावर अवलंबून म्हणजे सगळंच आदल्या रात्री कळतं असं नाही. बकरी ईद ही त्या महिन्याची दहावी तारीख, मोहरमचा आशुरा पण दहावी, ईद-ए-मिलाद बारावी, त्यामुळे महिन्याचा चंद्र दिसला की आठ-दहा दिवस आधी तारीख पक्की होते. फक्त रमजान ईद ही रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याची पहिली तारीख, ती खरंच आदल्या संध्याकाळी ठरते. म्हणून यादीत रमजान ईदपुढे "एक दिवस पुढे-मागे" असं लिहून ठेवा, आणि त्या दोन्ही दिवशी मोठी मीटिंग, ऑडिट, माल लोड करणं असलं काही लावू नका. आमच्या डिस्पॅचचे चाचा रात्री साडेआठला ग्रुपवर फक्त "चाँद मुबारक" टाकतात आणि सकाळच्या गाडीचं शेड्यूल जो बदली माणूस आधीच ठरलाय तो बघतो, कोणाला फोन करावा लागत नाही.

२०२५ ला तर रमजान ईद ३१ मार्चला आली, सोमवार, आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, आणि आदल्या दिवशी पाडवा. अकाउंट्सवाल्यांनी डोक्याला हात लावला. पण हे काही अचानक आलेलं संकट नव्हतं, तारीख तीन महिने आधीपासून यादीत दिसत होती. अशा वेळी क्लोजिंगचं काम २८ तारखेच्या शुक्रवारपर्यंत ओढून घ्यायचं आणि उरलेल्याला ज्याचा सण नाही तो बसेल असं जानेवारीतच ठरवायचं. बदल्यात त्या माणसाला दिवाळीत एक दिवस जास्त. सणाच्या सुट्टीला कोणाला कामावर बोलावलंत तर कायद्याप्रमाणे दुप्पट पगार आणि बदली सुट्टी दोन्ही द्यायचं असतं, एकच देऊन भागवू नका.

मुंबईत असाल तर ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी यांच्याकडे दरवर्षी वेगळं लक्ष द्या. २०२३ ला दोन्ही २८ सप्टेंबरलाच आले. एकीकडे विसर्जनाच्या मिरवणुका, दुसरीकडे भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून निघणारा जुलूस, रस्ते तेच, पोलीस तेच. मुस्लिम संघटनांनी आपण होऊन जुलूस दुसऱ्या दिवशी ठेवला आणि सरकारने २९ ची सुट्टी दिली. २०२४ ला ईद १६ ची, विसर्जन १७ ला, तर मुंबईतली सुट्टी १८ ला गेली. २०२५ ला ५ सप्टेंबरची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ८ ला नेली कारण ६ ला विसर्जन होतं. तीन वर्षं लागोपाठ लोकांनी आपापसात बोलून हे जमवलं, मला याचं खूप कौतुक वाटतं आणि याच्या बातम्या जितक्या व्हायला हव्या होत्या तितक्या झाल्या नाहीत. आपल्या कामाचा मुद्दा असा की डिसेंबरात छापलेली तारीख ऐन वेळी बदलू शकते, आणि फक्त मुंबईत बदलू शकते, पुण्याच्या ब्रँचला मूळ तारीखच राहू शकते. ईद-ए-मिलादच्या आधीच्या आठवड्यात शासनाचं परिपत्रक आलंय का ते बघत राहायचं आणि आलं की ग्रुपवर टाकायचं, हे काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.

दिवाळीचंही बघा. २०२५ ला आपल्याकडच्या पंचांगात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी २० ला. यूपीचा सहकारी २० ला घरी पूजा करणार असेल तर त्याला "सुट्टी उद्या आहे" हे सांगून उपयोग नाही, त्याला ऐच्छिकमधला दिवस २० ला घेऊ द्या.

गावी जाणाऱ्यांच्या रजा वेगळ्या धरा. रेल्वेचं रिझर्व्हेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या कोकणच्या गाड्या, छठच्या बिहारच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. म्हणजे रजा ७०-७५ दिवस आधी मंजूर झालेली पाहिजे, आठवडाभर आधी "बघू" म्हणणं म्हणजे त्या माणसाला जनरलच्या डब्यात लटकत पाठवणं.

अजून थोड्या गोष्टी. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी सहाची मीटिंग लावू नका, रोजेदाराला इफ्तारला वेळेत घरी पोचू द्या, दुपारचा जेवणाचा ब्रेक त्याने घेतला नाही तर तेवढं लवकर सोडा. पर्युषणात ऑफिसची पार्टी ठेवू नका. आणि ऑफिसच्या ग्रुपवर शुभेच्छांची इमेज टाकताना आधी दिवस कसला आहे ते बघा. गुड फ्रायडे हा येशूच्या मरणाचा दिवस, आशुरा शिया लोकांसाठी शोकाचा, ६ डिसेंबर अभिवादनाचा, या दिवशी फुगे-फटाक्यांचं चित्र आणि "हार्दिक शुभेच्छा" टाकलं की समोरच्याला किती लागतं ते तो बोलून दाखवत नाही.

बँकांची यादी वेगळी चिकटवा, दुसरा-चौथा शनिवार धरून. एनईएफटी सुट्टीलाही चालतं पण चेक वटत नाही, आणि १ एप्रिलला बँका वार्षिक हिशोबासाठी बंद असतात. कलेक्टर जाहीर करतात त्या स्थानिक सुट्ट्या बँकांना नसतात, त्या ऑफिसने द्यायच्या का ते आधीच लिहा.

शेवटी कागद. एकच पान, मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात. तारीख, वार, सण, आणि चौथ्या रकान्यात "बदलू शकते" असेल तिथे खूण. खाली ऐच्छिक सुट्टीचे ते चार नियम. २० डिसेंबरच्या आत बोर्डावर लावा, पॅन्ट्रीजवळ, केबिनमध्ये नाही, आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, सफाईवाल्या मावशींची आणि वॉचमन काकांची पण, ते कॉन्ट्रॅक्टरचे असले तरी, कारण सणाच्या दिवशी कुलूप उघडायला सगळ्यात आधी त्यांनाच बोलावलं जातं.