जाहिरातीविना नाव कसे कमवावे: घरगुती खाद्यपदार्थांच्या उद्योगासाठी

घरगुती फराळाचा किंवा मसाल्यांचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की जाहिरातीसाठी किती पैसे बाजूला ठेवावेत. माझे उत्तर असे, की निदान पहिली दोन वर्षे तो पैसा मालातच घालावा. फारशी जाहिरात न करता मोठी झालेली नावे आपण कौतुकाने सांगतो, पण जाहिरातीवर न केलेला खर्च त्यांनी कुठे केला, याकडे आपले लक्ष जात नाही.

राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिले डीमार्ट सुरू केले. त्यांची बहुतेक दुकाने मालकीच्या जागेत आहेत, त्यामुळे भाड्याचा बोजा नाही. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते होतात, त्यामुळे खरेदीचा भाव कमी लागतो. आणि ही बचत थेट किमतीत उतरते. शेजारीण शेजारणीला “तिथे छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळतं” एवढेच सांगते आणि तेवढे पुरते. रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये जुहूला ‘नॅचरल्स’ सुरू केले, तेव्हा आइस्क्रीमच्या जोडीला पावभाजीही विकली जात असे. फळविक्रेत्याच्या घरात वाढल्यामुळे त्यांना फळाची पारख होती, आणि सीताफळाचे किंवा शहाळ्याचे आइस्क्रीम खाऊन आलेला माणूस “खरं फळ लागतं” असे घरी जाऊन आपणहून सांगू लागला.

तेव्हा पहिले काम म्हणजे आपले असे एक वाक्य शोधणे. “उत्तम दर्जा, घरगुती चव” हे वाक्य चालणार नाही, कारण ते सगळेच म्हणतात आणि ते कोणाला पडताळून पाहता येत नाही. “पंधराव्या दिवशीही चकली खुसखुशीत असते” हे पडताळता येते. दहा ओळखीच्या घरी चकली द्यावी, आठवड्याने जाऊन “तुम्ही हिच्याबद्दल कोणाला काही सांगितलंत का?” असे विचारावे आणि जे शब्द कानावर येतील ते जसेच्या तसे लिहून घ्यावेत. कोणीच काही सांगितले नसेल, तर आधी पदार्थ सुधारावा. पाकिटाचा रंग नंतर ठरवता येईल.

वाक्य ठरले की ते प्रत्येक घाण्याला खरे ठरले पाहिजे, आणि खरी मेहनत इथेच आहे. मोहन जास्त झाले तर चकली तेलात सुटते, कमी झाले तर ती कडक होते. म्हणून भाजणी, मोहन आणि पाणी अंदाजाने न घेता वजनावर घ्यावे आणि प्रत्येक घाण्यातली एक चकली मोडून पाहावी. एका दिवाळीत डबे वेळेवर पोहोचवण्याच्या घाईत मी चकल्या कोमट असतानाच पिशव्या बंद केल्या. आतल्या वाफेने तिसऱ्या दिवशी सगळ्या मऊ पडल्या. तक्रार दोनच घरांतून आली होती, तरी मी वही उघडून त्या घाण्याची पाकिटे गेलेल्या प्रत्येक घरी गेले आणि ती बदलून दिली. त्या वर्षी नफा जवळजवळ उरला नाही, पण त्यांतले एकही गिऱ्हाईक तुटले नाही. बदलून देण्याचा हा खर्च हिशेबात आधीच धरून ठेवावा.

मी जी वही म्हणते, तिच्यात नाव, माल आणि रक्कम यांच्या पुढे “कोणाकडून कळले” असा एक रकाना आखावा आणि नवीन गिऱ्हाइकाला न चुकता विचारून तो भरावा. काही महिन्यांनी त्या रकान्यात चार-पाच नावे पुन्हापुन्हा आलेली दिसतील. या मंडळींना मोसमाचा पहिला घाणा चाखायला पाठवावा आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. त्यांना दलाली मात्र कधीही देऊ नये, कारण ती घेतल्याचे कळले की त्यांच्या शब्दाचे वजन जाते.

ओळख पटण्यासाठी खूण एकच असावी आणि ती बदलू नये. १८९० पासून चालत आलेल्या मुंबईच्या डबेवाल्यांची पांढरी टोपी स्टेशनच्या गर्दीतही लांबून ओळखू येते. आपल्यासाठी हे काम पाकीट करते. त्यावर वजन, किंमत, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आणि आपला फोन नंबर ठळक असावा. पाकीट दुसऱ्याच्या घरी भेट म्हणून गेले, तर तिथून ऑर्डर येण्याची वाट एवढीच असते.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवावी. जो पदार्थ पुन्हापुन्हा घेतला जातो, त्याचेच नाव तोंडोतोंडी पसरते. रुखवताच्या पदार्थांसारख्या, एका घरात क्वचितच लागणाऱ्या मालाला ही वाट फार लांबची पडते. तिथे मंगल कार्यालये आणि आचारी यांच्याकडे स्वतः नमुना घेऊन जावे. आणि दिवाळीच्या तोंडावर हाताबाहेर मागणी आली, तर कच्ची भाजणी देऊन वेळ मारून नेण्यापेक्षा नवीन ऑर्डर घेणे थांबवावे, नाव-नंबर वहीत लिहावा आणि तुळशीच्या लग्नानंतर आपणहून फोन करावा.