ग्राफ्टच्या कातडीवर पुन्हा पुन्हा पू होतोय?

भाजल्यावर मांडीची पातळ कातडी काढून लावली असेल, तर त्या लावलेल्या कातडीत (म्हणजे ग्राफ्टमध्ये) घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी जवळपास नसतातच. कातडी कोरडी पडते, केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि जंतू तिथूनच शिरतात. म्हणून जखम पूर्ण भरल्यावर दिवसातून दोन-तीनदा बिनवासाचं मॉइश्चरायझर हलक्या हाताने चोळा, अंघोळीनंतर तर अंग किंचित ओलसर असतानाच. प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा) वापरत असाल तर तो रोज धुवा. त्या जागी स्पर्श कमी कळतो, तेव्हा उजेडात डोळ्यांनी बघा. घरातली उरलेली मलमाची ट्यूब मात्र कृपा करून लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. इन्फेक्शन परत परत येत असेल तर डॉक्टरांना पुवाच्या कल्चरबद्दल (कोणता जंतू आहे ते शोधणारी तपासणी) विचारा, रक्तातली साखरही तपासून घ्या. लाली पसरतेय किंवा ताप आलाय? त्याच दिवशी दाखवा.